अडगळीच्या खोलीतले तीन रोखे

गेल्या वर्षी चैत्रात धाकट्या मामांचा फोन आला. "घराचा व्यवहार झाला. अक्षय्य तृतीयेला ताबा द्यायचा आहे. माडीवरच्या खोलीत काय काय पडलंय ते एकदा येऊन बघून जा. तुला त्यातलं कळतं म्हणतात."

शेवटचे वाक्य थोडे थट्टेचे होते. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. टपाल खात्यात नोकरी करता करता चाळिशीनंतर मी रविवारच्या वर्गात मोडी शिकलो आणि मग दुसऱ्यांच्या घरचे कागद वाचून देऊ लागलो. बारा-पंधरा वर्षे हे चालले आहे. या काळात माझ्या आजोळी, भीमेकाठी, श्रीगोंद्याच्या बाजूच्या त्या माळवदी घरात, एक पत्र्याची ट्रंक आणि चार गोणी कागद पडून आहेत हे मला माहीत होते. तरीही ते उघडायला मी कधी गेलो नव्हतो. परक्याचे दप्तर उघडणे सोपे असते.

मी पोचलो तेव्हा चारांपैकी दोन गोणी संपल्या होत्या. घर आवरायला सुरुवात आठ दिवस आधीच झाली होती आणि कोरडा जुना कागद बंबाला चांगला लागतो. कोणी मुद्दाम काही केले नव्हते. पाणी तापवायचे होते आणि कागद समोर होता. मराठी घरांतली किती दप्तरे याच वाटेने गेली असतील याचा हिशेब कोणी लावू शकणार नाही.

अंगणात तीन ढीग घालायचे ठरले: ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे. त्या दहा दिवसांत माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. आपण ज्याला इतिहासाची साधने म्हणतो, ती अशाच तीन ढिगांतून निवडून उरलेली असतात. मग ही निवड आजवर कोणी केली, कशासाठी केली, आणि आता ती करायची पाळी आपल्यावर आली आहे तर कोणत्या नियमाने करायची?

कागद का जपला गेला

आपल्याकडे कागद जपला गेला तो इतिहासप्रेमाने नव्हे. तो हक्कासाठी जपला गेला. सनद, वतनपत्र, महजर, निवाडपत्र, मिराशपत्र हे सारे कागद म्हणजे जमीन आणि मान. गोतसभेत वाद उभा राहिला की "तुमच्या हाती कागद काय आहे?" हा पहिला प्रश्न असे. म्हणून ते खारव्याच्या रुमालात बांधून देवघराशेजारच्या कोनाड्यात राहत. घराला आग लागली तर आधी देव आणि दप्तर बाहेर काढावे, ही शिकवण त्यातूनच आली.

इंग्रजी अमलात हे जपणे आणखी गरजेचे झाले. १८१८ साली पेशवाई गेली आणि पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या हाती आले. सरकारने ते सांभाळले. त्यामागचे कारणही आपल्या आजोबा-पणजोबांच्या कारणासारखेच होते: कोणाची जमीन खरी इनाम आणि कोणाची नाही हे त्यातून पाहायचे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन कामाला लागले आणि घरोघरच्या इनामदारांना आपापले पुरावे काढून दाखवावे लागले. ज्याच्याकडे कागद नव्हता त्याची जमीन धोक्यात आली. पुण्याच्या ज्या कचेरीत पेशवे दप्तर राहिले तिचे नावच मुळी एलिअनेशन ऑफिस. म्हणजे सरकारचा सारा ज्यांवर माफ वा कमी आहे त्या जमिनींची कचेरी. इतिहास तिथे भाडेकरूसारखा राहिला.

हे दप्तर सामान्य अभ्यासकाला सहज पाहायला मिळत नसे, म्हणून अभ्यासक घराघरांकडे वळले. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांचे कागद वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडामागून खंड छापला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० ते १७६१ या पानिपतापर्यंतच्या काळाची पत्रे त्यात आहेत. पुढे १९१० साली राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांच्या दप्तरासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ निघाले. सरकारी दप्तर खऱ्या अर्थाने लोकांसमोर आले ते १९३० नंतर, गोविंद सखाराम सरदेसाईंनी निवडलेल्या पंचेचाळीस भागांतून.

या थोरांच्या श्रमांपुढे मान लवते. पण माझ्यासारख्या उशिरा आलेल्या माणसाला त्या खंडांत एक गोष्ट जाणवत राहते. त्यांनी जे निवडले ते बहुतेक राज्यकारभाराचे होते: स्वाऱ्या, तह, खलबते, सरदारांची पत्रे. त्या काळी ते साहजिकच होते. मराठ्यांचा इतिहास परक्यांनी लिहिला होता आणि तो आपल्या साधनांतून पुन्हा लिहायचा होता. पण त्याच रुमालांत किराण्याच्या याद्या, कुळांचे हिशेब, कर्जरोखे आणि बारशाचे खर्चही बांधलेले असत. तेही अशाच एका ढिगात गेले, 'नंतर पाहू' म्हणून ठेवलेल्या ढिगात. बहुतेक घरांत तो नंतर आलाच नाही.

कागदाची किंमत कधी गेली

घरगुती दप्तरांचा खरा नाश लढाईत झाला नाही. तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, जेमतेम वीस वर्षांत झाला. त्याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण म्हणजे १९४८ ची जाळपोळ. गांधीजींच्या हत्येनंतर अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जळाली आणि घरांबरोबर दप्तरे गेली. मामा तेव्हा आठ वर्षांचे होते. आमच्या गावात काही झाले नाही. पण महिनाभर ट्रंक गोठ्यात कडब्याखाली होती, हे त्यांना पक्के आठवते.

दुसरे कारण कायद्यांचे. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने संपली, पाठोपाठ इनामे गेली. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. ते व्हायलाच हवे होते. पण त्याचा एक परिणाम असा, की ज्या कागदांनी दोन-तीनशे वर्षे घर सांभाळले त्यांची किंमत एका दिवसात शून्य झाली. ज्या कागदावर हक्क उरला नाही तो जपायचा कशाला?

तिसरे कारण लिपीचे. त्याच सुमारास मोडी शाळांतून गेली. माझे आजोबा मोडीत सही करत. मामांना अक्षरे ओळखता येतात, ओळ लागत नाही. मामेभावाला तो कागद उलटा धरला आहे की सुलटा हेही सांगता येत नाही. घरातल्या घरात, एकाच माडीखाली, तीन पिढ्यांत कागद मुका झाला. आणि मुक्या वस्तूला घरात जागा फार दिवस मिळत नाही. वाण्याकडे पुड्या बांधायला, रद्दीवाल्याकडे शेराच्या भावाने, दिवाळीत कंदील-फटाक्यांना, नाहीतर बंबात, अशा कुठल्यातरी वाटेने ती जाते.

ट्रंकेत काय निघाले

ट्रंकेत सात रुमाल होते. उरलेल्या दोन गोणींत सुटे कागद आणि वह्या. पहिले दोन दिवस मी काहीही वाचले नाही. रुमालांना क्रमांक दिले, पुडकी जशी बांधली होती तशीच ठेवून फोटो काढले आणि कोणते पुडके कशाच्या शेजारी होते ते वहीत लिहिले. घरचे वैतागले. "सोनं निघालं का?" असे वहिनी दिवसातून दोनदा विचारत. पण कागदांचा शेजार मोडला की निम्मा अर्थ जातो, हे मी दुसऱ्यांच्या घरी चुका करून शिकलो होतो. त्याचा उपयोग कसा झाला ते पुढे येईलच.

रुमालांत अपेक्षित ते होतेच. कुलकर्णी वतनाचे कागद, पेशवाईच्या शेवटच्या काळातला एक निवाडा, जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या, काशीयात्रेच्या खर्चाची यादी. निवाड्यावर सुहूर सन होता: समान तिसैन मया व अलफ. आठ, नव्वद, शंभर आणि हजार मिळून ११९८, त्यात ५९९ मिळवले की १७९७-९८ साल येते. मामांना हा हिशेब करून दाखवला तेव्हा ते खूश झाले. हा कागद काचेत लावू म्हणाले.

पाचव्या रुमालात कर्जरोखे होते. आमचे घर कुलकर्ण्यांचे, तसेच सावकाराचेही. हे घरात सर्वांना माहीत होते, पण बोलताना 'शेतीवाडी होती' एवढेच म्हणायचे अशी रीत. रोखे मामांच्या पणजोबांच्या काळचे, म्हणजे माझ्या खापरपणजोबांच्या. त्यांतले तीन एकाच शेतकऱ्याचे होते. राणीच्या छापाचा स्टांप, खाली गावच्याच कोणाचे दस्तूर आणि शेतकऱ्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी.

पहिला रोखा शके १७९० चा, म्हणजे १८६८ चा: रुपये ५०, व्याज दरमहा दरशेकडा दोन. दुसरा शके १७९३ चा: रुपये ८६. तिसरा शके १७९६ चा: रुपये १४८. तिन्हींत मजकूर एकच, की 'तुम्हांपासून रोख घेतले'.

आकडे पाहून मी पेन्सिल घेतली. पन्नास रुपयांवर महिना शेकडा दोनप्रमाणे तीन वर्षांचे व्याज छत्तीस रुपये. पन्नास आणि छत्तीस मिळून शहाऐंशी. शहाऐंशींवर त्याच दराने तीन वर्षांचे व्याज एकसष्ट रुपये आणि काही आणे. बेरीज एकशे अठ्ठेचाळीसला आण्या-दोन आण्यांनी कमी. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी त्या माणसाला एक पैसाही मिळालेला नव्हता. मागच्या रोख्याची मुद्दल-व्याजाची बाकी नव्या रोख्यात 'रोख घेतले' म्हणून लिहिली होती.

एवढ्यावर निष्कर्ष काढणे बरे नव्हे. म्हणून गोणीतल्या रोजकीर्दी चाळल्या. शके १७९३ ची वही सापडली. रोख्याच्या तिथीला घरातून शहाऐंशी रुपये गेल्याची नोंद नाही. मागे-पुढे महिनाभरही नाही. शके १७९६ ची वही नव्हती. ती बंबात गेली असावी. गोणी आणि ट्रंक एकाच खोलीत राहिली म्हणून एक साक्ष मिळाली. दुसरी मात्र आठ दिवसांनी हुकली.

तीन वर्षांचा कायदा

रोखे दर तीन वर्षांनी का बदलत होते, याचे उत्तर घरात नाही. ते कायद्यात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने असा रोखा तीन वर्षांनी मुदतबाह्य होऊ लागला. हेतू चांगला होता: जुने कर्ज वर्षानुवर्षे साचू नये. घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, व्याज मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. नकार दिला तर दावा. वाचता न येणाऱ्या माणसाने अशा कागदावर नांगर काढायचा.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे इकडच्या कापसाला तेजी आली होती. १८६५ ला ते युद्ध संपले, भाव कोसळले. सरकारने मात्र फेरपाहणी करून अनेक तालुक्यांत सारा वाढवला. कर्ज मिळणे अवघड झाले, मागचे फेडणे त्याहून अवघड. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांत माणसे फारशी मारली गेली नाहीत. लोकांना हवे होते ते रोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या हिसकून त्यांनी चौकात जाळल्या.

सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या आत डोकावण्याची, म्हणजे आधीच्या रोख्यांपासून हिशेब तपासण्याची मुभा दिली. गावोगाव दस्तनोंदणीची सोय झाली आणि सावकाराला पावती देणे भाग पडले. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्यानंतर चारच वर्षांनी, १८८३ सालचा. त्यातला राग कुठून आला हे समजायला असे तीन रोखे एका रांगेत ठेवून पाहावेत.

मग आमच्या घरचे रोखे १८७५ ला वाचले कसे? उत्तर दंग्यांच्या इतिहासातच आहे. राग मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजर सावकारांवर निघाला. गावातले ब्राह्मण सावकार बहुतेक ठिकाणी सुटले. ते हिशेबात अधिक सरळ होते म्हणून सुटले, असे मात्र या ट्रंकेवरून म्हणता येत नाही.

आणखी एक बाब आहे. नवा रोखा झाला की जुना वर फाडून कर्जदाराला परत करायचा, ही रीत. तो फाटका कागद हीच त्याची पावती. आमच्या ट्रंकेतले तिन्ही रोखे धड आहेत. पहिला आणि दुसरा त्या माणसाच्या घरी असायला हवे होते. ते दीडशे वर्षे आमच्या माडीवर होते.

मामा

त्या रात्री जेवणानंतर मी मामांना हे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, सुपारी कातरणे थांबवले आणि म्हणाले, "जाळून टाक."

मी म्हणालो, "मामा, हा पुरावा आहे."

"कशाचा पुरावा? दीडशे वर्षांनी कोण दावा लावणार आहे? अरे, त्या घरातली पोरं माझ्याबरोबर शाळेत होती. माझ्या मुंजीला जेवून गेलीत. परवा घराचा व्यवहार झाला तेव्हा त्यांच्यातलाच एक जण साक्षीदार म्हणून उभा राहिला. त्याच्या नातवाने उद्या तुझं लिहिलेलं वाचलं तर मी त्याला काय तोंड दाखवू?"

मामींनी आतून विचारले, "आणि जाळलं तर तोंड उजळ होईल का?" मग दोघेही बोलले नाहीत.

रात्री मला झोप लागली नाही. मामांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. १८७५ च्या त्या शेतकऱ्याच्या हाती हा रोखा लागला असता तर त्याने तो जाळला असता, आणि ते बरोबरच झाले असते. आज मामांनाही तो जाळायचा आहे. कृती एकच, पण कर्जदाराने जाळला तर तो सुटला असता आणि सावकाराच्या घराने जाळला तर आम्ही सुटणार. इनाम कमिशनपुढे जो कागद घराने जिवापाड जपला, तो अभिमानाचा. जो कागद नको झाला, तो लाजेचा. अशी निवड प्रत्येक घराने केली, तर उरेल ते फक्त सनदा आणि निवाडे. मग महाराष्ट्रात सगळी घरे इनामदारांची होती आणि कर्जात कोणी नव्हतेच, असे पुढच्यांना वाटेल. दंग्यांत कर्जदारांनी जाळले आणि नंतर सावकारांच्या वारसांनी जाळले, तर त्या शेतकऱ्याचे नाव कुठे उरेल? त्याचा नांगर या तीनच कागदांवर आहे.

बायकांची नावे

दरम्यान स्वयंपाकघरात दुसरी निवड चालू होती. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची होती: हंडे, घागरी, पराती, तपेली, एक मोठा बंब. मामी जमिनीवर बसून एकेक पुसत होत्या. त्यांना एक-एक भांडे माणसासारखे ओळखू येत होते. "ही परात तुझ्या पणजीच्या रुखवतातली. हे तपेलं थोरल्या काकींनी सोळा सोमवारच्या उद्यापनाला घेतलेलं."

सात रुमालांत मला बाईचे नाव फक्त एका कागदावर भेटले होते: एका विधवेचे, तिच्या नावाखाली निशाणी बांगडीची. त्या अंगणातल्या भांड्यांवर मात्र एकवीस बायकांची नावे होती. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली, काहींवर शके, काहींवर माहेरचे गाव, काहींवर कोणाच्या स्मरणार्थ. लग्नात नाव बदललेल्या एका मुलीचे माहेरचे नाव फक्त एका कळशीच्या काठावर उरले होते, कारण कळशी तिच्या आईने लग्नाआधीच कोरून घेतली होती. आमच्या वंशावळीत ती फक्त 'पत्नी' आहे.

आपल्याकडे कागद पुरुषांचे आणि भांडी बायकांची. कागद जाळण्याआधी निदान दहा वेळा विचार होतो. भांडी मात्र वजनावर जातात. स्टील आले तेव्हा साठ-सत्तरच्या दशकांत पितळेचे ढीग मोडीत निघाले. बोहारणीने जरीची लुगडी नेली, त्यांतली जर वितळवली गेली. घरातल्या बायकांचे जेवढे दप्तर होते ते असे गेले, आणि त्याला कोणी दप्तर म्हटलेही नाही.

सगळी भांडी ठेवणे शक्य नव्हते. मामा-मामी आता पुण्यात दोन खोल्यांत राहणार. मी पातळ कागद आणला, प्रत्येक नावावर धरून वरून पेन्सिल घासली आणि ठसे घेतले. खाली मामी सांगतील ते लिहिले. तांबट आला तेव्हा मामींनी कळशी उचलून बाजूला ठेवली. बाकीचे गेले.

काय ठेवले, काय दिले

पाचव्या दिवशी मामा स्वतःच माडीवर आले. म्हणाले, "तो पहिला रोखा वाच. मोठ्यानं."

मी वाचला. पन्नास रुपये कशासाठी घेतले तेही त्यात होते: बैल मेला म्हणून दुसरा घ्यायला. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बैलाला पन्नास. आणि सहा वर्षांत दीडशे." थोड्या वेळाने म्हणाले, "ठेव. पण एक अट. त्याचं नाव कुठं छापणार असशील तर आपलंही छाप. त्याचं एकट्याचं नको."

या लेखात म्हणून दोन्ही नावे नाहीत. दप्तराच्या यादीत दोन्ही आहेत, शेजारी शेजारी.

पण एवढ्याने मला समाधान झाले नाही. रोख्यांवर हक्क आमचा एकट्याचा नव्हता. मी मामांना म्हणालो, की ज्यांच्या घरात फाडून जायला हवे होते त्यांना निदान विचारू या. मामा आधी तयार नव्हते. शेवटी संध्याकाळी स्वतःच उठून त्या घरी गेले. मी बरोबर होतो. तिथल्या आजोबांनी, मामांच्याच वयाच्या, तिन्ही रोख्यांचे फोटो पाहिले. नांगराच्या निशाणीवर बोट ठेवून विचारले, "हा आमचा?" मी हो म्हणालो. त्यांनी नातवाला बोलावले आणि त्याला तो नांगर दाखवला. कर्जाबद्दल ते एवढेच म्हणाले, की आमच्या घरात हे सांगत आलेत, आम्हाला नवीन काही नाही. मूळ कागद त्यांना नको होता. "आमच्याकडे उंदरं खातील. तुम्ही नीट ठेवा, आणि आमच्या पोरांना कधी बघायचा असला तर दाखवा." फोटोंची एक प्रत त्यांनी ठेवून घेतली.

आम्ही इतकी वर्षे जे लपवत होतो ते त्यांना ठाऊक होते. फक्त कागद आमच्याकडे होता.

सातही रुमाल आणि वह्या आता एका संशोधन संस्थेत जाणार आहेत. त्यात मी तीन गोष्टींचा आग्रह धरला आहे. दप्तर फोडायचे नाही: सनदा एकीकडे आणि 'किरकोळ' दुसरीकडे असे करायचे नाही, कारण रोखा खरा की खोटा हे रोजकीर्दीने सांगितले, आणि रोजकीर्द नेहमी 'किरकोळ'मध्ये जाते. दुसरे, यादीत कर्जदारांची नावेही सावकारांच्या नावांइतकीच नीट लिहायची. तिसरे, भांड्यांवरच्या नावांचे ठसे याच दप्तराचा आठवा रुमाल म्हणून ठेवायचे. तिसऱ्या आग्रहावर तिथले गृहस्थ थोडे हसले, पण कबूल झाले.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी ट्रंक असेल तर माझ्यासारख्या उशिरा शिकलेल्याचे दोन शब्द ऐकावेत. वाचता येत नाही म्हणून टाकू नका. मोडी वाचणारी माणसे आहेत, पुराभिलेखागार आणि संशोधन मंडळे आहेत. बांधलेले पुडके सोडण्याआधी फोटो काढा. कागद प्लास्टिकमध्ये चिकटवून घेऊ नका. काही गोष्टी टाकाव्या लागतीलच. मीही वीजबिले, पंचांगे आणि एक अख्खी गोणी मासिके रद्दीत दिली. पण टाकायच्या ढिगात काय पडते आहे ते एकदा पाहा. ज्याची लाज वाटते आहे ते तिथे पडत असेल, तर हात थांबवा.

अक्षय्य तृतीयेला घराचा ताबा दिला. काचेत लावायचा म्हटलेला तो निवाडा मामांनी शेवटी काचेत लावला नाही. "सगळ्यांबरोबर जाऊ दे," म्हणाले. मामींची कळशी पुण्याच्या घरात ओट्याखाली आहे. तिच्यात पाणी भरतात.